गजकर्णावरील औषध आणि उतावळेपणा

गजकर्ण किंवा नायटा ज्याला मुळीच ठाऊक नाही असा मनुष्य आपल्या देशात विरळाच. जांघेत, कमरेच्या घडीवर, काखेत किंवा पाठीवर एक वाटोळी चकती उठते. तिची कड लालसर व किंचित उंचावलेली असते, मधला भाग मात्र बरा झाल्यासारखा दिसतो. आणि घाम आला की अशी खाज सुटते की चारचौघांत बसणे कठीण व्हावे. हिंदी भाषिक प्रदेशात यालाच दाद म्हणतात. हा रोग जीव घेत नाही. त्यामुळे त्याकडे गांभीर्याने पाहण्याची सवय ना रोग्याला असते, ना त्याच्या आप्तेष्टांना. तथापि गेल्या दहाबारा वर्षांत या क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या रोगाने भारतातील त्वचारोगतज्ज्ञांना मोठ्या काळजीत टाकले आहे. पूर्वी काही आठवडे मलम लावल्याने जाणारा नायटा आता महिनोन् महिने हटत नाही. गेला असे वाटते न वाटते तोच पुन्हा उद्भवतो. आणि एकाच घरातील आईबाप, मुले, आजी अशी सर्व माणसे एकाच वेळी त्याने पछाडलेली आढळतात.

या स्थित्यंतराची कारणे अनेक आहेत आणि ती सर्वच मनुष्याच्या स्वाधीन नाहीत. औषध कसे घ्यावयाचे हे मात्र त्याच्या स्वाधीन आहे. नेमका तेथेच फार मोठा प्रमाद होत आहे, आणि त्याचा सगळा दोष रोग्याच्या माथी मारण्याची जी रीत पडली आहे, तीही न्याय्य नाही.

गजकर्णाचे कारण कवक, म्हणजे साध्या भाषेत बुरशी. पावसाळ्यात चामड्याच्या जोड्यांवर किंवा शिळ्या भाकरीवर जी बुरशी चढते, तिचेच हे दूरचे भाऊबंद. आपली नखे, केस आणि त्वचेचा सर्वांत बाहेरचा मृत थर ही केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाची बनलेली असतात. बहुतेक जीवांना हे प्रथिन पचत नाही. गजकर्णाच्या कवकाला ते पचते. म्हणून ते शरीरात खोल शिरत नाही, वरच्या मृत थरातच आपला संसार थाटते. वाटोळी चकती दिसते तीही त्यामुळेच: कवक मध्यापासून बाहेर पसरत जाते आणि त्याची चालू चढाई कडेवर असते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ती कळली म्हणजे पुढील सारी पथ्ये आपोआप समजतात. जीवाणू आणि मनुष्य यांच्या पेशींत फार मोठा भेद आहे. पेनिसिलिन जीवाणूच्या पेशीभोवतीच्या ज्या भिंतीवर घाला घालते, तशी भिंतच मनुष्याच्या पेशीला नसते. कवकाची गोष्ट वेगळी. दिसायला ते वनस्पतीसारखे असले तरी जीवसृष्टीच्या वंशवृक्षात ते वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळचे आहे. त्याची पेशी पुष्कळ अंशी आपल्या पेशीसारखीच चालते. शत्रू परका असला म्हणजे त्याला ओळखून मारणे सोपे. तो भाऊबंदांपैकी निघाला की मारणाऱ्याचा हात जपूनच चालला पाहिजे.

ही अडचण किती मोठी होती ते कवकनाशक औषधांच्या इतिहासावरून दिसते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यात एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन संशोधिका होत्या. एक न्यूयॉर्क शहरात सूक्ष्मजीव वाढवी, दुसरी ऑल्बनी येथे त्यांच्यातील द्रव्ये वेगळी करी, आणि मातीचे नमुने व अर्क यांची ने-आण दोघींमध्ये टपालाने होई. कवकाला मारणारी द्रव्ये त्यांना बरीच सापडली. परंतु त्यांतील बहुतेक प्राण्यांनाही मारीत. अखेर व्हर्जिनियातील एका शेताच्या मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव लाभला, आणि १९५० साली निस्टॅटिन हे औषध जाहीर झाले. न्यूयॉर्क राज्याच्या नावावरूनच ते नाव पडले. याच मार्गाने पुण्याजवळ पिंपरी येथील हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यातही १९६० च्या सुमारास एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे कवकनाशक शोधून काढले. ते देणाऱ्या सूक्ष्मजीवाला पिंपरीचेच नाव देण्यात आले. हॅमायसिनचा उपयोग मुख्यत्वे बाहेरून लावण्यासाठी झाला. व्हेनेझुएलातील ओरिनोको नदीच्या प्रदेशातील मातीतून लाभलेले अँफोटेरिसिन बी जीव वाचवते खरे, परंतु मूत्रपिंडास इजा करू शकते. २०२१ साली करोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या रोग्यांना ते इस्पितळात देखरेखीखालीच द्यावे लागले. एवढ्या खटाटोपानंतरही आज पोटात घेण्याजोगी कवकनाशके हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

गजकर्णापुरते बोलावयाचे तर पोटात घेण्याची मुख्य औषधे चार: ग्रिसिओफुल्विन, टर्बिनाफिन, इट्राकोनाझोल आणि फ्लुकोनाझोल. त्यांतील पहिले सर्वांत जुने. ते १९३९ साली इंग्लंडमध्ये एका बुरशीपासूनच मिळाले, परंतु जवळजवळ वीस वर्षे ते माणसाच्या उपयोगी पडले नाही. ग्लासगो येथील जेंटल्स यांनी १९५८ साली गजकर्ण झालेल्या गिनीपिगांना ते खाऊ घातले व ते बरे झाल्याचे दाखविले, तेव्हा कोठे त्याची किंमत कळली. या औषधाची कार्यपद्धती मोठी उद्बोधक आहे. ते कवकाला तडकाफडकी ठार करीत नाही. त्वचेच्या खालच्या थरात जे नवे केराटिन तयार होते, त्यात ते जाऊन बसते आणि ते नवे केराटिन कवकाला रुजण्यास अयोग्य करते. वरचा दूषित थर मात्र तसाच असतो. तो झिजून, गळून जाईपर्यंत औषध चालू राहिले पाहिजे. मध्येच थांबले तर पुढे येणारा थर पुन्हा उघडा पडतो आणि वर उरलेले कवक खाली उतरते.

त्वचेचा थर तळापासून वर येऊन गळून पडावयास सुमारे चार आठवडे लागतात. हाताचे नख महिन्याला साधारणतः तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे ते मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सहा महिने हवेत. पायाच्या अंगठ्याच्या नखाला वर्ष ते दीड वर्ष लागते. नखाच्या रोगात टर्बिनाफिन हातासाठी सहा आठवडे व पायासाठी बारा आठवडे देण्याची पद्धत आहे. एवढे होऊनही औषध संपते त्या दिवशी नख विद्रूपच दिसते, कारण निरोगी नख मागून हळूहळू येत असते. हे ज्याला आधी सांगितलेले नसते, तो मनुष्य चौथ्या आठवड्यात आरशाकडे किंवा पायाकडे पाहून ‘औषध लागू पडत नाही’ असा निकाल देतो. याउलट अंगावरच्या नायट्यात खाज आठदहा दिवसांत थांबते आणि मनुष्य ‘आपण बरे झालो’ असा निकाल देतो. दोन्ही निकाल घाईचे आणि दोन्ही चुकीचे. खाज ही शरीराची तक्रार आहे. तक्रार थांबली म्हणजे तक्रारीचे कारण गेले असे नव्हे. औषध केव्हा थांबवावयाचे हे चकती पूर्ण जाऊन त्वचा पुन्हा पूर्ववत झाली आहे की नाही हे पाहून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. जुनाट नायट्यात हा काळ आठवड्यांचा नव्हे तर महिन्यांचा होऊ शकतो.

आता या औषधांच्या धोक्याकडे वळू. कवकाच्या पेशीच्या पातळ आवरणात अर्गोस्टेरॉल नावाचे एक मेदद्रव्य असते. आपल्या पेशीच्या आवरणात त्याच्या जागी कोलेस्टेरॉल असते. अर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या साखळीतील एकेक कडी तोडणे हेच टर्बिनाफिन व कोनाझोल वर्गातील औषधांचे काम. परंतु इट्राकोनाझोल व फ्लुकोनाझोल कवकातील ज्या विकराला अडवितात, त्याच कुळातील विकरे आपल्या यकृतातही असतात, आणि शरीरात आलेल्या पुष्कळ औषधांची विल्हेवाट लावण्याचे काम ती करतात. कवकातील विकर अडविताना यकृतातील ही विकरेही थोडीबहुत अडविली जातात. परिणामी दुसऱ्या रोगासाठी चालू असलेले औषध, नेहमीच्याच मात्रेत घेतले तरी, रक्तात साचत जाते. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी सिम्वास्टॅटिन घेणाऱ्याने इट्राकोनाझोल घेतले तर त्याच्या स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यास फ्लुकोनाझोलमुळे रक्तस्राव होऊ शकतो. मधुमेहावरील काही गोळ्यांबरोबर तेच घेतल्यास रक्तातील साखर एकाएकी उतरते. आपल्याकडे मधुमेही रोग्याला नायटा अधिक होतो हे लक्षात घेतले म्हणजे ही गोष्ट केवळ पुस्तकी नाही हे उमगेल. साठीतला गृहस्थ साखरेच्या गोळ्या एका डॉक्टरांकडून घेतो, हृदयाच्या दुसऱ्यांकडून आणि नायट्याची गोळी सरळ दुकानातून. या तिन्हींची गाठ त्याच्या यकृतातच पडते.

इट्राकोनाझोल हृदयाचे आकुंचन मंद करू शकते. म्हणून ज्याचे हृदय दुर्बळ झाले आहे अशा रोग्याला ते नायट्यासाठी देत नाहीत. टर्बिनाफिनमुळे इतर औषधांशी असा मोठा विरोध सहसा होत नाही, परंतु क्वचित यकृतास सूज येते, आणि काहींची जिभेची चव जाते. ती परत येण्यास कित्येक आठवडे लागतात. ग्रिसिओफुल्विन गर्भवतीस वर्ज्य आहे, आणि ते घेणाऱ्या पुरुषानेही औषध संपल्यावर सहा महिने अपत्यप्राप्तीचा विचार लांबणीवर टाकावा असे सांगतात. कीटोकोनाझोलची गोळी एके काळी सर्रास देत. परंतु यकृताची हानी लक्षात आल्यावर २०१३ साली युरोपातील औषध नियंत्रकांनी ती कवकरोगांसाठी थांबविण्याची शिफारस केली व अमेरिकेतही तिच्यावर कडक मर्यादा आल्या. यांतील कोणतीही गोष्ट भिऊन औषध टाकावे अशी नाही. योग्य रोग्याला योग्य मात्रेत दिलेली ही औषधे कोट्यवधी लोकांनी निर्धोकपणे घेतली आहेत. मात्र योग्य रोगी कोण, हे ठरविण्यासाठी कोणीतरी त्याला चार प्रश्न विचारलेले असले पाहिजेत. यकृताचा किंवा हृदयाचा विकार आहे काय, मद्यपान होते काय, गर्भ राहिला आहे किंवा राहण्याची शक्यता आहे काय, आणि सध्या दुसरे कोणते औषध चालू आहे? डॉक्टरांनी विचारले नाही तर रोग्याने आपण होऊन सांगावे. चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत घालून नेणे हा त्याचा सर्वांत सोपा उपाय.

जेवणाशी असलेला संबंधही औषधागणिक वेगळा. ग्रिसिओफुल्विन पाण्यात विरघळत नाही. स्निग्ध अन्नाबरोबर ते चांगले शोषले जाते, म्हणून ते दुधाबरोबर किंवा तूपभातानंतर घ्यावयाचे. इट्राकोनाझोलच्या कॅप्सूलला पोटातील आम्ल लागते. ती पोटभर जेवणानंतर लगेच घ्यावी. आम्लपित्तावरील गोळ्या किंवा औषधे तिच्याबरोबर घेतली तर कॅप्सूल बरीचशी वाया जाते. आपल्याकडे तर गोळ्यांच्या प्रत्येक चिठ्ठीत ‘पोट बिघडू नये म्हणून’ आम्लपित्ताची एक गोळी लिहिण्याचा परिपाठच पडून गेला आहे! फ्लुकोनाझोलला असले काही बंधन नाही.

दुकानातून परस्पर आणल्या जाणाऱ्या मलमांची गोष्ट याहून चिंताजनक आहे. कवकनाशक, जीवाणुनाशक आणि क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोनसारखे तीव्र स्टेरॉइड अशी खिचडी एकाच नळीत भरून वर्षानुवर्षे विकली गेली. स्टेरॉइड शरीराचा प्रतिकारच दाबून टाकते. लाली व खाज हे त्या प्रतिकाराचेच दृश्य रूप असल्यामुळे ती दोन दिवसांत मावळतात, आणि रोगी त्या नळीला संजीवनी समजू लागतो. पहारेकरी निजविल्यामुळे घरात झालेली शांतता ही! कवक मात्र मोकळेपणे पसरते. त्याची नेहमीची वाटोळी कडही पुसट होते, इतकी की वैद्यालाही रोग ओळखू येत नाही. १९६८ साली दोन ब्रिटिश त्वचारोगतज्ज्ञांनी अशा रोगाला जे लॅटिन नाव दिले, त्याचा अर्थ ‘ओळख लपविलेला नायटा’ असा होतो. विराटाघरच्या पांडवांसारखा तो अज्ञातवासात असतो, आणि मलम थांबताच प्रकट होतो. शिवाय अशा मलमाने जांघेतली त्वचा पातळ होऊन तिच्यावर जे पट्टे उमटतात, ते जन्मभर जात नाहीत. भारत सरकारने २०१८ साली अनेक स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकता न येणाऱ्या औषधांच्या अनुसूचीत घातली, ती याच कारणासाठी.

अर्धवट औषधाचा दुसरा परिणाम एका रोग्यापुरता राहत नाही. कवकाच्या प्रचंड संख्येत एखाद्यात आनुवंशिक बदल होऊन टर्बिनाफिन ज्या विकरावर बसते त्याचा आकार किंचित बदलतो. औषध अपुरे पडले म्हणजे साधी कवके मरतात आणि हे बदललेले उरते. पुढे तेच टॉवेलावरून, अंथरुणावरून दुसऱ्याकडे जाते. भारतात आज आढळणाऱ्या हट्टी नायट्याच्या मुळाशी असेच एक कवक आहे. जपानमध्ये राहणाऱ्या भारतीय व नेपाळी रोग्यांपासून मिळालेल्या नमुन्यांवरून जपानी संशोधकांनी २०२० साली त्याला ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नाव दिले. (कवकाच्या नावात देशाचे नाव गोवावे की नाही यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत, आणि ते अस्थानी नाहीत.) २०२३ साली अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने त्या देशातील पहिल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतील एकीने परदेशप्रवास मुळीच केलेला नव्हता. टर्बिनाफिन हे स्वस्त, बहुतेकांना सोसणारे औषध. ते निकामी झाले तर गरीब रोग्याला अधिक महाग व अधिक जोखमीच्या औषधाकडे वळावे लागते, आणि ती वेळ पुष्कळांवर आलेलीही आहे.

मग दोष कोणाचा? रोगी उतावळा असतो हे खरे. परंतु त्याच्या उतावळेपणाला बहुधा कारण असते. पूर्ण महिन्याच्या गोळ्यांची किंमत ऐकून तो दुकानदाराला पट्टी कापून चारच गोळ्या द्यावयास सांगतो. त्या संपल्यावर खाज थांबलेली असते, आणि हातातला पैसा मुलांच्या वह्यांसाठी हवा असतो. त्याला कोणी ‘हे अमुक आठवडे चालेल व एकूण इतका खर्च येईल’ असे पहिल्याच दिवशी सांगितलेले नसते. डॉक्टरांकडे वेळ नसतो. चिठ्ठीवरील अक्षर दुकानदारालाच कळते. आणि वेष्टनातील सूचनापत्रक इंग्रजीत, तेही बारीक टायपात. जे औषध घेण्यात एवढी पथ्ये आहेत, त्याची पथ्ये रोग्याच्या भाषेत लिहून न देणे हा रोग्याचा अपराध म्हणता येणार नाही. चिठ्ठीच्या मागे चार ओळी पुरतात: किती दिवस, जेवणाआधी की नंतर, कशाबरोबर नको, आणि काय झाले तर ताबडतोब यावे.

कोणी म्हणेल, खेड्यात त्वचारोगतज्ज्ञ कोठून आणावयाचा? दुकानदार तरी काही देतो. चिठ्ठीची सक्ती केली तर गरिबाला काहीच मिळणार नाही. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला केवळ नियमाने उत्तर देता येणार नाही. परंतु नायटा ओळखण्यास दरवेळी तज्ज्ञच लागतो असे नाही. त्वचा खरवडून काढलेला भुगा पोटॅश कॉस्टिकच्या द्रावणात ठेवून साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर कवकाचे तंतू दिसतात; ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातही करता येण्याजोगी आहे. आणि स्टेरॉइड नसलेले साधे कवकनाशक मलम, पुरेसे दिवस व चकतीच्या कडेबाहेर दोन बोटे लावले, तर नव्या, लहान नायट्याला ते पुष्कळदा पुरते. गरिबाला ‘काहीतरी’ देण्यापेक्षा हे देणे स्वस्तही आहे.

औषध चालू असता डोळे किंवा लघवी पिवळी होणे, अन्नावरची वासना उडणे, एकसारखी उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणे, अंगावर पुरळ उठणे, धाप लागणे किंवा पाय सुजणे यांपैकी काहीही झाले तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. एखादी गोळी चुकली तर आठवताच घ्यावी, मात्र पुढची वेळ जवळ आली असल्यास दोन एकदम घेऊ नयेत. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत. त्याचा नायटा तसाच दिसत असला तरी त्याचे यकृत वेगळे आहे. घरातील ज्या ज्या माणसाला चकती आहे त्या सर्वांचे उपचार एकाच वेळी व्हावेत, टॉवेल व अंतर्वस्त्रे वेगळी ठेवावीत, आणि कपडे कडक उन्हात पुरते वाळवावेत. पावसाळ्यात ओलसर कपडे अंगावर चढविण्याची पाळी येते तेव्हा हे अवघड जाते. तेथे इस्त्री उपयोगी पडते.

शाळांपुढे एक निराळा प्रश्न येतो. लहान मुलांना नायटा पुष्कळदा डोक्यावर होतो. केस तुटून टक्कल पडल्यासारखा ठिपका दिसतो आणि वर्गातली मुले त्या मुलाला चिडवतात. डोक्यावरच्या नायट्याला नुसते मलम पुरत नाही, कारण कवक केसाच्या मुळाशी असते. तेथे वजनाप्रमाणे मोजून दिलेले पोटात घेण्याचे औषध, बहुधा सहा ते आठ आठवडे, लागते. एवढे दिवस मुलाला घरी बसविण्याचे कारण नाही. उपचार सुरू झाल्यावर ते शाळेत येऊ शकते. फक्त टोपी, कंगवा व रुमाल त्याने दुसऱ्यास देऊ नये. दुपारच्या सुटीत मुलाने गोळी दुधाबरोबर घेतली की नाही एवढे जरी शिक्षकांनी पाहिले, तरी मजुरीला गेलेल्या आईचे एक काम हलके होते.